स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांची तुलना कशी करायची: आधी स्ट्रिप पालथी करा

दुखण्यावरच्या म्हणून घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या एकदा टेबलावर आणा. ड्रॉवरमधल्या, पर्समधल्या, स्कूटरच्या डिकीत राहिलेल्यासुद्धा. पुढचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या आणि स्ट्रिप पालथी करून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्म्यानेही दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. तुलना तिथूनच सुरू होते.

मी फार्मासिस्ट आहे, कोथरूडमध्ये औषधांच्या दुकानात काउंटरला असते. कोणती गोळी घ्यायची हे डॉक्टर ठरवतात, आणि हे वाचून तुम्ही परस्पर काही सुरू किंवा बंद करू नका. पण एकाच कंबरेसाठी फॅमिली डॉक्टरांची एक चिठ्ठी, हाडांच्या डॉक्टरांची दुसरी आणि शेजारच्या काकूंनी दिलेली अर्धी स्ट्रिप घेऊन माणूस समोर उभा राहतो, तेव्हा आपल्या हातात नेमकं काय आहे हे त्याला कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे वेदनाशामक, उजवीकडे स्नायू सैल करणारं औषध. समजा स्ट्रिपमागे लिहिलंय: असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, क्लोरझोक्साझोन २५० मिलिग्रॅम. यातली पहिली दोन डावीकडे जातील, उजवीकडे फक्त क्लोरझोक्साझोन. आपल्याकडे स्नायूंची गोळी एकटी क्वचितच येते, बहुतेक वेळा वेदनाशामकाला जोडूनच येते. त्यामुळे ‘या गोळीने बरं वाटलं, त्या गोळीने नाही’ असं कोणी म्हणालं की फरक कुठल्या बाजूच्या औषधाने पडला हे कागदाशिवाय कळत नाही.

नावामागच्या इंग्रजी अक्षरांवर भिस्त ठेवू नका. ‘टीएच’ म्हणजे बहुधा थायोकोल्चिकोसाइड, आणि पुढचा ४ किंवा ८ म्हणजे त्याचे मिलिग्रॅम. ‘एसपी’मध्ये सेराशिओपेप्टिडेज असतं. ते सुजेसाठी देतात, स्नायू सैल करायचं काम त्याचं नाही. सगळ्यात जास्त गोंधळ ‘एमआर’चा. वेदनाशामकाच्या नावापुढे ही अक्षरं आली तर आत स्नायू सैल करणारं काहीतरी आहे एवढंच समजायचं. एका कंपनीच्या गोळीत ते क्लोरझोक्साझोन असेल, दुसरीच्या गोळीत टिझानिडीन. आणि हीच अक्षरं मधुमेहाच्या गोळीवर असली तर अर्थ होतो हळूहळू विरघळणारी गोळी. दोन ‘एमआर’ दिसले म्हणून एकाऐवजी दुसरी खाऊ नये ती यासाठी.

डावी बाजू लगेच बेरजेला घ्या. वरची गोळी दिवसातून दोनदा म्हणजे पॅरासिटामॉल ६५०. त्यात अंग कणकणतंय म्हणून पॅरासिटामॉल ६५०ची साधी गोळी तीनदा घेतली तर झालं २,६००. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४,००० मिलिग्रॅम ही वरची हद्द. यकृताचा त्रास असेल, रोजचं पिणं असेल किंवा वजन फार कमी असेल तर ती बरीच खाली येते. एका चिठ्ठीतलं असेक्लोफेनॅक आणि दुसऱ्या चिठ्ठीतलं डायक्लोफेनॅक किंवा एटोरिकॉक्सिब एकत्र अजिबात नको. दुखणं दुपटीने कमी होत नाही, पण पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी तर वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं. ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बिघडण्याचा धोका असतो, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की तो आणखी वाढतो. रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही वेदनाशामकाआधी डॉक्टरांना विचारावं.

आता उजवीकडे या. काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘यातली जोरदार कोणती?’ या प्रश्नाने निवड चुकते. २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात कंबरदुखीवरच्या या औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. पहिल्या दोन आठवड्यांत वेदना १०० पैकी सुमारे ८ गुणांनी कमी होऊ शकते, त्याबद्दलही पक्की खात्री नाही, आणि दुष्परिणाम मात्र वाढतात, असा त्याचा सूर होता. २०१५ मध्ये ‘जामा’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत अचानक कंबर धरलेल्या रुग्णांपैकी काहींना फक्त नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक दिलं आणि काहींना नॅप्रोक्सेनबरोबर सायक्लोबेंझाप्रिन हे स्नायू सैल करणारं औषध. आठवड्याने पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे जोर बघून यातलं एक निवडावं, एवढा फायदाच या औषधांचा दिसत नाही. ती वेगळी पडतात ती झोप, रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड आणि तुमच्या इतर गोळ्या यांवर. तुलना करायची ती याच गोष्टींची.

त्याआधी आखडणं कुठल्या जातीचं आहे ते बघा. उसण भरली, मान अवघडली, वजन उचलताना लचक आली, हा एक प्रकार. दुसरा प्रकार पक्षाघातानंतर किंवा मणक्याला दुखापत झाल्यावर हातपाय ताठर होतात तो. त्याची औषधं वेगळी, मात्रा वेगळी, महिनोन्‌महिने चालणारी. रात्री पोटरीत गोळा येतो तो तिसरा. तिथे या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. पाय ताणून पोटरी मोकळी करायची आणि लघवीची गोळी किंवा थायरॉइड यांचा काही संबंध आहे का ते तपासून घ्यायचं. रविवारी सिंहगड चढून आल्यावर सोमवारी जिना उतरवत नाही, त्याला तर स्नायू सैल करणारी गोळी लागतच नाही, दोन-तीन दिवसांत ते आपोआप ओसरतं. आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन सुरू केल्यानंतर दोन्ही मांड्या, दोन्ही दंड सारखेच दुखायला लागले असतील तर ते त्या गोळीमुळेही असू शकतं. त्यावर दुसरी गोळी चढवण्याआधी डॉक्टरांना सांगा.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘स्नायू सैल करणारी’ म्हटलं तरी यातली बहुतेक औषधं स्नायूवर काम करतच नाहीत. ती मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करतात. झोप, गुंगी, तोल जाणं हे सगळं त्यातूनच येतं. कंबरच तेवढी सैल होईल आणि डोकं लख्ख राहील, अशी अपेक्षा धरू नका.

थायोकोल्चिकोसाइडवर थोडं थांबते, कारण आपल्याकडे ते भरपूर लिहिलं जातं आणि त्याबद्दल सांगितलं फार कमी जातं. गुंगी तुलनेने कमी येते म्हणून ते लोकांना आवडतं. पण शरीरात त्यापासून तयार होणारा एक पदार्थ पेशी विभागताना गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं प्रयोगांत दिसलं. म्हणून युरोपच्या औषध नियंत्रक संस्थेने २०१३ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या: १६ वर्षांखाली नको, तोंडाने घ्यायचं तर दिवसाला १६ मिलिग्रॅमपर्यंत आणि सलग ७ दिवसच, इंजेक्शन असेल तर ५ दिवस. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नको, आणि मूल होऊ शकतं पण गर्भनिरोधक वापरत नाही अशा बायकांनाही नको. अमेरिकेत तर ते मंजूरच नाही. फिट येणाऱ्यांनाही ते टाळतात. नवीन लग्न झालेली मुलगी ‘टीएच’ची चिठ्ठी घेऊन येते तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारते, ‘ताई, पाळी चुकलीय का, बाळाचा विचार चाललाय का?’ प्रश्न खासगी आहे, पण विचारायलाच हवा. तिचं उत्तर ‘हो’ असेल तर मी गोळी न देता डॉक्टरांना फोन लावते. तुमच्या दुकानात कोणी विचारलं नाही तर हे तुम्ही आपणहून सांगा.

टिझानिडीन हे दुसरं जपून घ्यायचं औषध. ते लवकर चढतं आणि काही तासांत उतरतंही, त्यामुळे रात्री आखडून झोप मोडणाऱ्यांना डॉक्टर ते झोपताना देतात. तोंड कोरडं पडतं, झोप येते आणि रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने पहाटे अंथरुणातून झटकन उठायचं नाही; आधी बसायचं, मग पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं. खरी भीती सिप्रोफ्लॉक्सासिनची. या अँटिबायोटिकबरोबर टिझानिडीनचं रक्तातलं प्रमाण सुमारे दहापट होतं आणि माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो. पावसाळ्यात बाहेरचं काही खाऊन पोट बिघडलं की घरात पडून राहिलेली सिप्रोफ्लॉक्सासिन घेणारे लोक पुण्यात कमी नाहीत, आणि कंबरेची गोळी चालू आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही. फ्लुव्हॉक्सामिन या मानसोपचारातल्या गोळीबरोबरही टिझानिडीन चालत नाही. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये ते शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून तेही सांगायचं. फार दिवस मोठ्या मात्रेत घेतलं असेल तर एकदम बंद करू नये, रक्तदाब उसळतो.

क्लोरझोक्साझोनचं म्हणाल तर झोप मध्यम, आणि लघवी नारिंगी किंवा जांभळट-लाल होऊ शकते. हा नुसता रंग आहे, घाबरू नका. यकृताला गंभीर इजा क्वचित होते, पण होते. भूक गेली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काविळीतून नुकत्याच उठलेल्या माणसाने हे आधीच सांगितलेलं बरं.

मेथोकार्बामॉल जुनं औषध आहे, १९५० च्या दशकापासूनचं. गोळ्या ५०० आणि ७५० मिलिग्रॅमच्या. यानेही लघवी तपकिरी, काळपट किंवा हिरवट होऊ शकते. झोप येतेच.

सायक्लोबेंझाप्रिनची रचना नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांसारखी आहे, आणि दुष्परिणामही तसेच: तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, भरपूर झोप. निम्मं औषध शरीरातून जायला सरासरी १८ तास लागतात. म्हणजे रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाचे अनियमित ठोके, नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक, वाढलेलं थायरॉइड यांपैकी काही असेल तर चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. ट्रामाडॉल हे जोरदार वेदनाशामक किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तरीही. दोन-तीन आठवड्यांपलीकडे हे द्यायचं नसतं.

एपेरिसोन आणि टोल्पेरिसोन ही भावंडं. झोप कमी, म्हणून कामावर जाणाऱ्यांना लिहिली जातात. टोल्पेरिसोनने काहींना ॲलर्जी येते, कधीकधी जोराची. युरोपात २०१२ पासून ते फक्त पक्षाघातानंतरच्या ताठरपणासाठी ठेवलं आहे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर पुढची गोळी घ्यायची नाही, थेट दवाखाना.

बॅक्लोफेन मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकारच्या, मणक्याच्या आजारातल्या ताठरपणासाठी. ते मूत्रपिंडावाटे बाहेर जातं, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेल्यांना साधी मात्रासुद्धा जड होते. माणूस बरळतो, गुंगीतून जागा होत नाही. आणि ते एकदम थांबवायचं नाही. भास, फिट इथपर्यंत जाऊ शकतं. घरात कोणी बॅक्लोफेनवर असेल तर दिवाळीत, गणपतीत दुकान बंद असण्याआधी स्ट्रिप मोजून ठेवा.

डायझेपामची सवय लागते. कॅरिसोप्रोडॉलचीही, युरोपने ते २००७ मध्येच बाजारातून काढायला सांगितलं होतं. यांपैकी काही आधीच घेत असाल तर लपवू नका, आणि एकदम सोडूही नका. हळूहळू कमी करून देणं डॉक्टरांच्या हातात असतं.

आता तुमचा दिवस या कागदावर ठेवून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की रात्री खांदा नाहीतर कंबर धरलेली मुलं-मुली दुकानात येतात, आणि तिथूनच दुचाकीवर घरी निघतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारते, ‘गाडी कोण चालवणार?’ कारण कर्वे रस्त्यावर रात्री दहालाही रहदारी असते, आणि गुंगीतल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो. पहाटे हिंजवडीला कॅब नेणाऱ्या दादांना रात्रीची सायक्लोबेंझाप्रिन चालणार नाही. ‘मी पहाटे चारला गाडी काढतो’ हे वाक्य त्यांनी डॉक्टरांसमोर उच्चारायला हवं. पंच्याहत्तरीच्या आजोबांचा हिशोब वेगळा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या उपचारांवरच्या संस्थेच्या यादीत ६५ वर्षांवरच्यांसाठी क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामॉल, सायक्लोबेंझाप्रिन आणि कॅरिसोप्रोडॉल टाळा असं आहे, कारण गोंधळ उडतो, तोल जातो आणि पडून हाड मोडतं. रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडणं हे कंबरेच्या दुखण्यापेक्षा किती तरी वाईट. अशा घरात मी आधी शेक, थोडं चालणं, लावायचं जेल आणि फिजिओथेरपी यांबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगते. लावायच्या डायक्लोफेनॅकमधलं औषध रक्तात फार कमी उतरतं.

झोप आणणाऱ्या गोष्टींची बेरीजही कागदावर मांडा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खाजेची सेटिरिझिन, नसांसाठीचं प्रीगाबालिन, झोपेची गोळी आणि दारू. यातलं काहीही स्नायूंच्या गोळीवर चढलं तर गुंगी वाढते, आणि दारू किंवा झोपेच्या गोळीने श्वासही मंदावू शकतो.

दुकान बदललं आणि वेगळ्या नावाची स्ट्रिप हातात आली, तर घटक तेच आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, हे दोन्ही जुळवा. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाऐवजी दुकानदाराने आपल्या मनाने दुसरं द्यायचं नाही, असा नियमच आहे. स्वस्त हवं असेल तर डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. तिथे औषधं घटकाच्याच नावाने मिळतात, त्यामुळे तुमचा कागद तिथे थेट कामाला येतो.

काही वेळा ही तुलना बाजूला ठेवून ताबडतोब निघायचं असतं. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, पाय लुळा पडला. कंबरदुखीबरोबर ताप आहे, वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे. म्हातारं माणूस पडल्यावर दुखणं सुरू झालंय. डावा खांदा किंवा जबडा दुखतोय आणि घाम फुटलाय. जखमेनंतर जबडा मिटत चाललाय. खूप व्यायामानंतर किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीवर असताना स्नायू सुजून लघवी कोलासारखी झालीय. आणि एक, जे चटकन ओळखू येत नाही: उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड घेतल्यावर तरुण मुलामुलीची मान अचानक वळून अडकते, डोळे वर फिरतात. ‘शिरेवर शीर चढली’ म्हणून तेल चोळत बसू नका. तो औषधाचा परिणाम असतो, दवाखान्यात योग्य इंजेक्शन दिलं की बहुधा लवकर उतरतो. जाताना उलटीच्या गोळीची स्ट्रिप बरोबर न्या.

डॉक्टरांकडे जाताना तो रेघ मारलेला कागद न्या. त्यावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, रक्तदाबाच्या, साखरेच्या, मानसोपचाराच्या, आयुर्वेदिकसुद्धा. शेवटचं क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी असेल तर तारखेसह लिहा. गाडी चालवता का, पहाटे उठता का, दारू घेता का, गर्भ राहण्याची शक्यता आहे का, हेही लिहा. तोंडाने सांगायचं राहून जातं. मग तीन प्रश्न विचारा: यात स्नायूंचं औषध कोणतं, मला ते खरंच लागतंय का की नुसत्या वेदनाशामकावर भागेल, आणि किती दिवस. अचानक भरलेल्या उसणीत उत्तर बहुधा दिवसांत येतं, महिन्यांत नाही. चिठ्ठीवर दिवस लिहिलेले नसतील तर केबिनमधून उठण्याआधी लिहून घ्या.